कोपऱ्यातल्या पेटीची उशी

३ जुलै

पोचलो एकदाचा! शिलाई मशीन शाबूत, ट्रंक शाबूत, मी मात्र टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून असा खिळखिळा झालोय की मशीनऐवजी मलाच तेल घालावं लागेल. खोली झकास आहे. एक खाट, एक शेगडी, भिंतीत फडताळ, आणि खिडकीखाली मशीन बरोब्बर मावेल एवढी जागा. कुणीतरी माप घेऊनच बांधली म्हणायची. दार जमिनीला घासतं आणि खिडकीच्या चौकटीला बोट जाईल एवढी फट आहे, पण सध्या उकाडाच आहे, चालायचंच. समोर फळबाग, बागेच्या कडेला पेट्यांची रांग, आणि पेट्यांत मधमाश्या.

लेकीला हे काही पटलेलं नाही. साठी उलटलेल्या शिंप्याला माश्यांचे धंदे कुणी सांगितले, हे तिने वाटेत मला निरनिराळ्या शब्दांत ऐकवलं. शेवटी तह झाला. थंडी पडेपर्यंत इथे, मग मुकाट्याने तिच्या घरी. तिने माझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय. आणि ही वही लिहायची, ही दुसरी अट. फोनवर मी धडधडीत खोटं बोलतो म्हणे, निदान कागदावर तरी खरं बोलेन.

बागेच्या मालकीणबाईंनी स्वागत केलं ते ओरडूनच. गुडघा गेलाय, हातात काठी, आणि आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरच्या कुणाशी तरी बोलताहेत असं वाटावं. पहिल्याच मिनिटाला मला 'मास्तर' करून टाकलं. चहा मात्र फक्कड केला होता.

६ जुलै

बाई म्हणाल्या, बरे आलात, धुमाकूळ संपलाय. उन्हाळ्यात पेटीत माश्या मावेनाशा झाल्या की घर फुटतं. निम्मं कुटुंब राणीबरोबर उडून जातं. मला वाटलं तरुण पोरगी जात असेल वेगळा संसार थाटायला. छे! म्हातारी आई जाते. भरलेलं घर लेकीच्या हवाली करते आणि स्वतः उघड्यावर पडते. मागे नवी राणी जन्मते, एकदा बाहेर उडून नराला भेटून येते, आणि मग जन्मभर घरात बसून अंडी घालते.

आता थंडीपर्यंत आमचं काम एवढंच. प्रत्येक घरात नवी राणी परतली का ते बघायचं, साखरेचा पाक पाजून सगळ्यांची पोटं भरायची, उंदीर शिरू नयेत म्हणून दारं बारीक करायची, आणि वरून ऊब द्यायची. ऊब म्हणजे उशी. भुसा भरलेली चपटी उशी झाकणाखाली ठेवतात. शिंपी आणलाय तो त्यासाठी. आयुष्यभर माणसांची मापं घेतली, आता माश्यांची घेतोय. गिऱ्हाईक चांगलं आहे, उधारी नाही आणि कंबर ढिली करून द्या म्हणत नाही.

११ जुलै

एक राणी परतली नाही. कोपऱ्यातल्या पेटीतली. पाखराने टिपली असणार, बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला पेट्यांना कान लावायला सांगितला. आधी शेजारची. आत एकसुरी घुमणं, सगळी कामं मार्गी लागलेल्या घरात असतं तसं. मग कोपऱ्यातली. बाप रे! आत रडत होत्या. आवाज वर चढायचा, थरथरायचा, विझायचा, पुन्हा चढायचा. बाई म्हणाल्या, आईचा वास गेला की असंच कण्हतात. वास होता तोवर घर होतं, आता नुसत्या माश्या आहेत.

मी कान काढलाच नाही. बाईंनी काठीने टोचून विचारलं, मास्तर, डुलकी लागली का? डोळ्यांत काहीतरी गेलंय, असं मी म्हटलं. तोंडावर जाळीची टोपी असताना डोळ्यांत काय जाणार, कपाळ!

खरं लिहायचं ठरलंय, तर लिहितो. ही मार्चमध्ये गेली. ही म्हणजे माझी बायको. इतक्या वर्षांत मी हिला नावाने हाक मारली नाही आणि हिने मला. मी 'अगं', ती 'अहो'. त्या 'अहो'तला 'हो' ती लांबवायची, म्हणजे समजायचं की जेवण तयार आहे. दुकानात मशीन माझं, काज-बटण आणि हातशिलाई हिची. शिवताना गुणगुणायची. शब्द नाहीत, एकच ओळ, वर चढत जाणारी, आणि ठरलेल्या जागी थांबणारी. थांबायची आणि दाताने दोरा तोडायची. कट्. मी विचारायचो, अगं, पुढे काय? ती म्हणायची, आधी हातातलं काम संपवा, मग सांगते. आमच्या दुकानात हातातलं काम कधी संपलंच नाही.

शेवटी माझा थंडीचा कोट करत होती. खालचं एक काज राहिलं. सुई तशीच कापडात टोचलेली आहे. कोट ट्रंकेत तळाशी ठेवलाय.

२ ऑगस्ट

उशांचा कारखाना जोरात. बाईंना टाके आवडले, म्हणजे ओरडल्या नाहीत.

कोपऱ्यातल्या पेटीला उशी नको म्हणाल्या. राणीवाचून ती थंडी काढणार नाही, म्हणून महिन्याभराने ती शेजारच्या पेटीत मिळवून टाकायची. ते कसं करतात ते ऐकून मी तोंडात बोट घातलं. दोन घरं नुसती एकावर एक ठेवली तर रक्तपात होतो. परक्या वासाच्या माशीला सगळ्या घेरतात, तिच्याभोवती मुठीएवढा गोळा करतात आणि नुसत्या अंगाच्या उष्णतेने तिला मारतात. म्हणजे मिठी मारूनच जीव घेतात. म्हणून दोन पेट्यांच्या मधे वर्तमानपत्राचा एक कागद घालायचा, त्याला टाचणीने बारीक भोकं पाडायची. दोन्हीकडून माश्या कागद कुरतडत बसतात. कागद संपेपर्यंत इकडचा वास तिकडे मुरतो, तिकडचा इकडे, आणि मग कुणी कुणाला परकं राहत नाही. बाई म्हणाल्या, माझ्या लग्नात अंतरपाट म्हणून हाच कागद धरला असता, तर सासू आणि मी दोघी सुखाने जगलो असतो.

खूप दिवसांनी हसलो. हसल्यावर सवयीने शेजारी बघितलं, ही हसली का म्हणून.

१९ ऑगस्ट

वेडेपणा केला. केला तर केला.

सकाळी पहिला गारवा होता. सगळ्या पेट्यांना उशा, आणि कोपऱ्यातली तेवढी उघडी. घरातल्या सगळ्या पोरांना स्वेटर आणि एकालाच नाही, असं ते दिसत होतं. कापड संपलेलं. मग हिची शाल काढली. राखाडी, खांद्याशी टाचण्यांची भोकं पडलेली. दुकानात ती बारा महिने पांघरून बसायची. तिला वास आहे. खडूचा, मशीनच्या तेलाचा, आणि मानेजवळ हिचा स्वतःचा. मी संध्याकाळी तोंड खुपसून बसतो तिच्यात, कुणाला सांगायचं नाही. इतकी वर्षं परक्यांच्या कापडावर कात्री चालवली, आज ती दोनदा खाली ठेवून पुन्हा उचलली. अर्धी कापली, अर्धी ठेवली. मानेजवळची बाजू मला ठेवणार होतो. पण आत इतक्या कण्हत होत्या की त्याच बाजूची उशी शिवून त्यांना दिली.

२४ ऑगस्ट

कोपऱ्यातली पेटी रडायची थांबली!

बाई ऐकून अशा खूश झाल्या की काठी विसरून चालत गेल्या. राणी झाली, राणी झाली म्हणत पेटी उघडली. पोळ्यांच्या सगळ्या चौकटी काढून बघितल्या. राणी नाही. अंडं नाही, अळी नाही. आणि माश्या शांत, पोळी साफ करताहेत, परागकण आणताहेत, घर मार्गी लागलं आहे. मग बाईंनी झाकण उलटं केलं. उशीला माश्या चिकटलेल्या होत्या, आत तोंडं करून, गोल रिंगण धरून. राणीभोवती असं बसतात म्हणे, तिला भरवायला आणि चाटायला.

हे कापड कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, पण त्या हळू बोलल्या, मला त्यांचा हळू आवाज पहिल्यांदाच कळला. म्हणाल्या, काढा हे मास्तर. त्यांना वाटतंय आई आहे. आता त्या दुसरी आई घेणार नाहीत, दिली तर मारून टाकतील. पोरं होणार नाहीत. सुखात बसतील आणि एकेक करून मरतील. हे प्रेम नव्हे, ही फसवणूक आहे.

मी काढतो म्हणालो. संध्याकाळी काढायला गेलोही होतो. झाकणाला हात घातला आणि आतून ती ओळ आली. वर चढली. ठरलेल्या जागी थांबली. आणि मग, कट्.

मी झाकण लावून टाकलं.

८ सप्टेंबर

रोज दिवेलागणीला पेटीशेजारी स्टूल टाकून बसतो. दिवसभरात काय झालं ते सांगतो, मग ती गुणगुणते. लेकीला फोनवर सांगितलं की मी मजेत आहे, आणि ते पहिल्यांदाच खरं होतं. तीसुद्धा हसली. पडदे कुठल्या रंगाचे लावू विचारत होती.

बाकीच्या पेट्यांनी नरांना हाकलायला सुरुवात केलीय. थंडीत बसून खाणारी तोंडं नकोत म्हणून कामकरी माश्या त्यांना पंख धरून उंबऱ्याबाहेर टाकतात. ते बिचारे गवतावर थरथरत बसतात. जावईबापू माझं असंच करणार म्हणालो, तर बाई खो खो हसल्या. कोपऱ्यातली पेटी मात्र आपल्या नरांना हाकलत नाही. बाई म्हणाल्या, जे घर आईची वाट बघतं, ते आपले निरुपयोगी पुरुषसुद्धा जपून ठेवतं. हे त्या सहज बोलून गेल्या.

१७ सप्टेंबर

बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेल्या. जाताना कागद हातात दिला. उद्याच मास्तर, गारठा वाढतोय, ती उशी आता तरी काढायची, कागद घालायचा, पेटी मिळवायची. मी हो म्हणालो. त्यांनी दोनदा हो म्हणायला लावलं.

कागद ट्रंकेत ठेवलाय.

शेजारच्या पेटीत मिळवली की तिथल्या राणीचा वास मुरणार. मग हिचा आवाज बंद. तो एकदा मार्चमध्ये बंद झाला होता. मला पुन्हा जमणार नाही.

२५ सप्टेंबर

काहीतरी चुकतंय.

कोपऱ्यातली पेटी कमी व्हायला हवी. अंडं नाही, पोर नाही. ती तर भरतेय. दारावर माश्यांचा घोस लोंबतोय. आज बघत बसलो तेव्हा कळलं. शेजारच्या पेटीतून माश्या चालत येतात. उडत नाहीत, फळीवरून चालत येतात आणि आत जातात. पहारा नाही, भांडण नाही, कागद नाही. पलीकडच्या पेटीतूनही. त्या पेट्या उचलून बघितल्या, हलक्या लागल्या. एकीत राणी एकटी बसली होती, पोळ्याच्या कोपऱ्यात, भोवती कुणी नाही.

बाईंची जन्माची कमाई आहे ही. फोन करायला हवा. उद्या करतो.

३० सप्टेंबर

वास गेला.

उरलेली अर्धी शाल काढली, तोंड खुपसलं आणि काही नाही. नुसती लोकर. उलटी करून बघितली, टाचण्यांच्या भोकांशी बघितली. काही नाही. दोन माश्या होत्या घडीत, चाटत होत्या. खिडकीच्या फटीतून येत असणार, किती दिवस कोण जाणे.

थोडा थोडा करून घेऊन गेल्या. तिची झोपायची उशी बघितली, तिचा कंगवा, तिचा चष्म्याचा डबा. सगळं चाटून साफ केलंय. ती आता या खोलीत कुठेच नाही. सगळी त्या पेटीत आहे.

लहान पोरासारखा रडलो. अगं, तेवढं तरी मला ठेवायचं होतं.

५ ऑक्टोबर

फोनवर लेकीने आवाज ओळखला. म्हणाली, बाबा, आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नव्हते, आता मला एकच माणूस उरलंय, तू असं करू नकोस. रविवारी गाडी घेऊन येतेय. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. पडदे पिवळे लावलेत म्हणे.

ट्रंक भरायला घेतली.

संध्याकाळी पेटीतून 'अहो' आलं. 'हो' लांबवलेला.

७ ऑक्टोबर

राहवलं नाही. हातमोजा काढून हात आत घातला, उशीपर्यंत. म्हटलं, मी आहे गं, मी.

त्यांनी घेरलं. हाताभोवती गोळा केला. डंख नाही— ऊब— मग ताप— मग असा जाळ की ओरडलो. कसाबसा ओढून काढला. मनगटापर्यंत भाजलाय.

मी परका झालोय. माझ्या अंगावरचा तिचा वासही गेला. मार्चपासून मीच धुवून टाकला, रोज साबणाने. तिने मला ओळखलं नाही.

हे दुखणं हातापेक्षा वाईट आहे.

९ ऑक्टोबर

चूक माझी. कागद न घालता गेलो. बाईंनी सांगितलं होतं.

पेटी हातगाडीवर घालून आणली. खिडकीशी लावली. काच काढली. मधे कागद लावला, टाचणीने भोकं पाडली. हात दुखतोय, डाव्याने लिहितोय.

लगेच कुरतडायला लागल्या. बारीक आवाज, कात्री कापडातून जावी तसा.

दार उघडायला गेलो तर जड. खाली सगळीकडे राळ— थंडीआधी माश्या घरातली फट न् फट राळेने बुजवतात. हे त्यांनी कधी केलं? पण वारा आता अजिबात येत नाही, हे खरं.

१० ऑक्टोबर

माझ्या बाजूने मीही कुरतडतोय. नखाने. दोघांनी करायचं काम आहे ते.

फोन वाजतोय. बाई असतील, नाहीतर पोर. पोरीशी बोलायला हवं. काय सांगू? आई सापडली सांगू?

ओळ चढते. थांबते. कट्. अगं, पुढे काय?

आधी हातातलं काम— हो. हो! कोट.

रविवार

ट्रंकेतून कोट काढला. हिची सुई तशीच, दोरा ओवलेला. भाजलेल्या हाताने काज पुरं केलं. वेडंवाकडं आलंय, हिने पाहिलं तर उसवायला लावेल. दोरा दाताने तोडला. कट्.

संपलं गं. आता हातात काही नाही.

कोट अंगात घातलाय.

गाडी वाजली. लेक आली. दार ठोठावतेय— बाबा, बाबा— दार हलत नाही— धक्के देतेय— कुणाला तरी हाका मारतेय—

उठतो. उठायला हवं. रडतेय पोर.

कागदाला मुठीएवढं भोक. ऊब येतेय आत. आणि वास— तोच— मानेजवळचा—

तिकडून बाबा. इकडून अहो.

ओळ चढतेय. आता थांबेल, दोरा तुटेल, मग उठतो. एवढी ऐकून उठतो. पोरी, एक मिनिट—

थांबली नाही.

अगं, थांबली नाही! त्या जागेच्या पुढे गेली— इतकी वर्षं— पोरी, आई पुढचं म्हणतेय, ऐक, पुढे असं आहे बघ, पुढे—